किडनीच्या कॅन्सरमध्ये पेशींच्या ‘ताणाची जनुकं’ तपासून घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच सांगता येईल. वडील ६१ वर्षांचे. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत गाठ दिसली आणि ती किडनी काढली. रिपोर्टमध्ये क्लिअर सेल प्रकार, आकार ७ सेंटिमीटर, ग्रेड ३ (पेशी किती बिघडल्यात ते सांगणारा आकडा), टप्पा पीटी३ए, इतरत्र पसरल्याची खूण नाही. नंतर तुमच्या वाचनात आलं की पेशींवरच्या ताणाशी संबंधित जनुकांचा एक संच तपासला तर रुग्ण जास्त धोक्याचा की कमी धोक्याचा हे कळतं. डॉक्टरांना विचारलंत तर ते ‘गरज नाही’ एवढंच म्हणाले. म्हणून तुमचे तीन प्रश्न: ही तपासणी करून घ्यावी का, डॉक्टर नव्या संशोधनात मागे पडलेत का, आणि तुम्ही व तुमच्या भावाने रक्तातून असं काही तपासून घ्यावं का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काढलेली किडनी चिरणं, तिच्यातून तुकडे निवडणं, स्लाइड बघून रिपोर्ट लिहिणं आणि जनुकीय तपासणीसाठी कोणता ठोकळा (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) पाठवायचा ते ठरवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या या बाजूचं आहे. औषध कोणतं द्यायचं हे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. वडिलांच्या बाबतीत आज अशी तपासणी करून निर्णय बदलेल असं मला वाटत नाही, आणि तुमचे डॉक्टर मागे पडलेले नाहीत. पण ज्या कल्पनेवर ही तपासणी उभी आहे ती पोकळ नाही. उलट किडनीच्या कॅन्सरमधली सगळ्यात ठोस जैविक माहिती पेशींच्या ताणाबद्दलचीच आहे. मग गाडी अडते कुठे, ते सविस्तर सांगतो.

त्याआधी एक. तुमच्या घरासमोरचा खरा प्रश्न जनुकांचा नाही. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आता पुढे वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, घ्यायची की नुसतं स्कॅन करत लक्ष ठेवायचं, हा आहे. कोणतीही नवी तपासणी या प्रश्नाच्या उत्तरात काय भर घालते, एवढंच बघायचं.

पेशीवर ताण येतो तो अनेक प्रकारचा. ऑक्सिजन कमी पडतो. ऑक्सिजनपासूनच तयार होणारे दाहक रेणू साचतात. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जागेत, नीट घडी न पडलेली प्रथिनं तुंबतात. उष्णता, उपासमार, डीएनएची मोडतोड हेही ताणच. प्रत्येकाला तोंड द्यायला पेशीकडे ठरलेली यंत्रणा असते आणि ती चालू झाली की ठरावीक जनुकांचं काम वाढतं. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, तिला रक्तपुरवठा पुरत नाही, म्हणून तिच्यात या यंत्रणा बहुधा चालूच असतात. तेव्हा ही जनुकं मोजावीत आणि त्यावरून गाठ किती आक्रमक आहे ते ओळखावं, ही कल्पना सुचणं अगदी साहजिक आहे.

पण जिना चढून आलेल्या माणसाला लागलेली धाप आणि बसल्याजागी लागलेली धाप यांत डॉक्टर फरक करतात, तसाच फरक इथे करावा लागतो. काही ताण परिस्थितीमुळे तात्पुरता येतो आणि जातो. काही ताण पेशीच्या जनुकातच बिघाड झाल्यामुळे कायमचा जडलेला असतो. माझ्या अनुभवात, ताणाच्या जनुकांपैकी ज्यांचा आम्हाला रोजच्या कामात खरोखर उपयोग होतो ती जवळपास सगळी दुसऱ्या गटातली आहेत. आणि वाचनात येणारे बहुतेक ‘संच’ हे दोन्ही गट एकत्र कालवतात.

कायमच्या ताणाचं उत्तम उदाहरण वडिलांच्याच गाठीत असणार. क्लिअर सेल प्रकारात, म्हणजे किडनीच्या कॅन्सरच्या साधारण चारपैकी तीन रुग्णांत, तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा तुकडा नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये गायब असतो. त्या तुकड्यावर व्हीएचएल नावाचं जनुक आहे. ते १९९३ साली सापडलं, व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ (व्हीएचएल) या आनुवंशिक आजाराचा माग काढताना. दुसरी प्रतही उत्परिवर्तनाने किंवा अन्य मार्गाने निकामी झाली की व्हीएचएलचं काम थांबतं. हे काम म्हणजे एचआयएफ नावाच्या प्रथिनांची विल्हेवाट लावणं. एरवी पेशीत पुरेसा ऑक्सिजन असला की एचआयएफवर एक रासायनिक खूण पडते, व्हीएचएल ती खूण ओळखतं आणि ते प्रथिन नष्ट केलं जातं. ऑक्सिजन कमी झाला तरच एचआयएफ टिकतं आणि नव्या रक्तवाहिन्या, ग्लुकोजची ओढ, आम्लतेचा निचरा यांची जनुकं चालू करतं. व्हीएचएलच नसेल तर ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागत राहते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या कामातला मोठा भाग किडनीच्या याच गाठीभोवती फिरतो.

याचा व्यवहारात उपयोग झाला का? भरपूर झाला. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधं याच समजातून किडनीच्या कॅन्सरमध्ये आली. एचआयएफ प्रथिनांपैकी एचआयएफ-२ ला थेट रोखणारं बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएल आजारासाठी आणि २०२३ मध्ये आधीचे उपचार घेऊन झालेल्या, पुढच्या टप्प्यातल्या किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. आणि माझ्या टेबलावर रोज लागणारी गोष्ट म्हणजे सीए-९ चा स्टेन, म्हणजे ते प्रथिन स्लाइडवर रंगाने दाखवणारी तपासणी. कार्बनिक अनहायड्रेज-९ हे एचआयएफने चालू होणारं प्रथिन आहे. निरोगी किडनीच्या नलिकांमध्ये ते जवळपास नसतं, क्लिअर सेल गाठीत पेशीच्या सगळ्या कडांवर ठसठशीत दिसतं. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची यावर शंका असेल तर हा स्टेन फार कामाला येतो. याच प्रथिनाला चिकटणारं, किरणोत्सारी झिर्कोनियम लावलेलं प्रतिपिंड देऊन पेट स्कॅन करण्याच्या पद्धतीने किडनीतल्या संशयित गाठींच्या मोठ्या चाचणीत ८५ टक्क्यांच्या पुढे संवेदनशीलता दाखवली, म्हणजे शंभर क्लिअर सेल गाठींपैकी ८५हून जास्त पकडल्या. म्हणजे हे एक ‘ताणाचं जनुक’ निदानासाठी खरोखर पात्र ठरलं.

तेच जनुक भाकितासाठी वापरायला गेल्यावर काय झालं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. इतर अनेक कॅन्सरमध्ये सीए-९ जास्त असणं वाईट मानतात, कारण तिथे ते ऑक्सिजनच्या खऱ्या तुटवड्याची खूण असतं. क्लिअर सेल गाठीत उलटं दिसलं: ज्यांच्यात सीए-९ कमी, त्यांचं पुढे वाईट झालं. २००३ च्या आसपास यावर खूप आशा होती. या गाठीत सीए-९ असणं हा नियमच. ते कमी होणं म्हणजे पेशी आपलं मूळ रूप सोडून जास्त बिघडलीय असा अर्थ लागतो. पण पुढे दुसऱ्या मोठ्या केंद्राने आपल्या रुग्णांत ग्रेड आणि गाठीतला मृत भाग हिशेबात धरून पुन्हा तपासलं, तेव्हा सीए-९ ची स्वतंत्र भर उरली नाही. स्लाइडवर डोळ्यांना जे दिसत होतं तेच ते दुसऱ्या मार्गाने सांगत होतं.

आणखी एक गुंता एचआयएफच्या कुटुंबातच आहे. एचआयएफ-२ या गाठीला पुढे ढकलतं. एचआयएफ-१ मात्र इथे बऱ्याच अंशी लगाम घालणारं ठरतं; त्याचं जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्या गुणसूत्राची लांब बाजू गमावलेल्या गाठी जास्त आक्रमक असतात. आता कुणी ‘ऑक्सिजन-तुटवड्याचा गुणांक’ म्हणून दोन्हींच्या हुकमाखालची जनुकं एकत्र बेरीज करून काढला, तर विरुद्ध दिशेच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. आकडा येतो, आलेखही छान दिसतो, पण त्याचा अर्थ सांगता येत नाही.

कायमच्या ताणाचं दुसरं उदाहरण तुमच्या वडिलांना लागू नाही, तरी सांगतो, कारण मला ते सगळ्यात देखणं वाटतं. फ्युमरेट हायड्रेटेज नावाचं, तंतुकणिकेतल्या क्रेब चक्रातलं विकर काही दुर्मिळ गाठींमध्ये निकामी असतं. मग फ्युमरेट साचतं आणि केईएपी-१ या प्रथिनाला जाऊन चिकटतं. केईएपी-१ चं काम एनआरएफ-२ ला आवरून धरणं. ते आवरणं सुटलं की दाहक रेणूंविरुद्धची सगळी बचावयंत्रणा विनाकारण चालू राहते. इथे आम्ही ‘ताणाचा गुणांक’ काढत नाही. फ्युमरेट हायड्रेटेजचा स्टेन करतो. तो पेशींतून नाहीसा झालेला दिसला की निदान जवळपास हाती येतं. त्यावरून घरातल्या इतरांची तपासणी सुरू होते, कारण हा दोष आनुवंशिक असू शकतो आणि ही गाठ लहान असतानाच पसरते. एक जनुक, एक स्टेन आणि त्यावरून लगेच बदलणारा निर्णय. माझ्या लेखी चांगला बायोमार्कर, म्हणजे आजाराबद्दल सांगणारी मोजता येणारी खूण, असा असतो.

आता तात्पुरत्या ताणाकडे. हा भाग शोधनिबंध वाचताना दिसत नाही, पण आमच्या खोलीत रोज दिसतो.

किडनी काढताना सर्जन आधी तिची धमनी बांधतात. त्या क्षणापासून गाठीचा रक्तपुरवठा बंद. किडनी सुटी करून बाहेर यायला किती वेळ लागेल ते ऑपरेशनवर अवलंबून. मग ती भांड्यात ठेवली जाते, आमच्याकडे येते, कधी लगेच, कधी थांबून. या सगळ्या वेळात पेशी शरीराच्या तापमानातून हळूहळू थंड होत असतात आणि जिवंत असतात. ऑक्सिजन नाही, अन्न नाही. एफओएस, जेयूएन, ईजीआर-१ यांसारखी जनुकं काही मिनिटांतच उसळतात. उष्णताघात प्रथिनांची जनुकं त्यांच्या मागोमाग. किडनी अख्खी फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकली तर तेही लवकर आत पोहोचत नाही, तासाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून आम्ही किडनी आली की आधी मधोमध चिरतो. एखाद्या ठिकाणी ती रात्रभर तशीच राहिली, तर गाठीच्या मधल्या भागातली जनुकं वडिलांच्या आजाराबद्दल जितकं सांगतील तितकंच त्या रात्रीबद्दल सांगतील.

शिवाय आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीत निघणारी प्रत, मोजून ताण कळतोच असंही नाही. ताणाच्या यंत्रणांचे जे मुख्य चालक आहेत त्यांचं नियंत्रण बहुतेक वेळा आरएनएच्या पातळीवर होतच नाही. एचआयएफ आणि एनआरएफ-२ किती टिकतात हे प्रथिन नष्ट होतं की नाही यावर ठरतं. आंतर्द्रव्यजालिकेच्या ताणात पर्क, आयआरई-१ आणि एटीएफ-६ असे तीन पहारेकरी असतात: पर्क चालू झाला की एटीएफ-४ चं भाषांतर वाढतं, आयआरई-१ मुळे एक्सबीपी-१ च्या आरएनएचा एक छोटा तुकडा कापला जातो, एटीएफ-६ स्वतःच तुटून केंद्रकात जातो. यांतलं काहीही ‘अमुक जनुकाचा आरएनए किती’ या आकड्यात सरळ उमटत नाही. त्यांच्या हुकमाखालची जनुकं मोजली तर अंदाज येतो. पण संच तयार करताना अनेकदा एखाद्या सूचीतून ‘ताण’ असं लेबल असलेली शेकडो जनुकं घेतली जातात, संगणक त्यातली पाच-दहा निवडतो, आणि निवडलेल्यांचा ताणाशी संबंध नावापुरता उरतो. एखादा संच वाचताना मी आधी हेच बघतो: यातलं प्रत्येक जनुक ताण आला की वाढतं, याचा पुरावा किडनीच्या पेशींत आहे का?

तुम्ही वाचलेल्यासारखे निबंध इतके का निघतात, तेही सांगतो. टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांची नोंद करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पातला क्लिअर सेल गाठींचा मोठा संग्रह, सुमारे ५०० रुग्णांचा, सगळ्यांना खुला आहे. मुख्य निबंध २०१३ मध्ये आला. त्यात जगणं-मरणं, टप्पा, ग्रेड आणि हजारो जनुकांची मोजणी एकत्र मिळते. या संग्रहाची खासियत अशी की त्यात रुग्णाच्या आयुर्मानाशी नातं दाखवणारी जनुकं हजारोंनी आहेत. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये इतकी नसतात. त्यामुळे कोणताही विषय घ्या, त्या विषयाच्या जनुकांमधून रुग्णांचे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोन गट पडतातच. २०११ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवर एका गटाने हे मुद्दाम करून दाखवलं होतं. यादृच्छिक निवडलेल्या जनुकांचे मोठे संच बहुतेक वेळा रुग्णांच्या भवितव्याशी संबंधित निघाले, आणि जेवणानंतर हसण्याचा रक्तपेशींवर काय परिणाम होतो यातून आलेला संचही निघाला! तेव्हा ‘हा संच आयुर्मानाशी निगडित आहे’ हे वाक्य वाचून मी अजिबात हलत नाही. टप्पा, ग्रेड आणि मृत भाग यांच्यावर त्याने किती भर घातली, वेगळ्या केंद्रातल्या, वेगळ्या पद्धतीने साठवलेल्या नमुन्यांत तो टिकला का, आणि जास्त-कमी ठरवणारी रेघ आधी आखली होती की आकडे बघून, हे विचारतो. बहुतेक निबंध इथेच गळतात.

याहून त्रासदायक अडचण गाठीच्या स्वभावात आहे. २०१२ मध्ये किडनीच्या गाठींचे अनेक भाग वेगवेगळे तपासले गेले, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त उत्परिवर्तनं सगळ्या भागांत मिळून सारखी नव्हती. आणि एकाच गाठीच्या एका भागात चांगल्या भवितव्याची जनुकखूण दिसली, दुसऱ्यात वाईटाची. सात सेंटिमीटरच्या गाठीतून मी कोणता ठोकळा पाठवतो यावर रिपोर्ट ‘जास्त धोका’ की ‘कमी धोका’ ठरणार असेल, तर तो आकडा घेऊन तुम्ही काय करणार? ताणाच्या जनुकांत हे आणखी तीव्र होतं, कारण मृत भागाच्या कडेला पेशी खरोखरच गुदमरलेल्या असतात आणि दोन सेंटिमीटरवर त्या मजेत असतात. मी स्लाइडवर सगळ्या ठोकळ्यांतला सर्वांत वाईट भाग शोधून त्यावर ग्रेड देतो. यंत्र फक्त तुम्ही दिलेला तुकडा मोजतं.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: जनुकातल्या बिघाडामुळे कायमचा जडलेला ताण आम्ही निदानासाठी आणि औषधांसाठी वापरतो. परिस्थितीने आलेला ताण खरा असतो, पण तो नमुन्याच्या प्रवासात आणि जागेनुसार इतका बदलतो की त्यावर एका माणसाचा निर्णय टाकणं आज धाडसाचं आहे.

आता वडिलांच्या निर्णयाकडे. गाठ पीटी३ए आहे म्हणजे ती किडनीभोवतालच्या चरबीत, आतल्या पोकळीजवळच्या चरबीत किंवा शिरेत शिरलेली आहे. अशा रुग्णांना ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध वर्षभर देण्याची चाचणी झाली. तिच्यात चार वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत सुमारे ९१ टक्के आणि न घेतलेल्यांत ८६ टक्के होतं; हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धाटणीच्या इतर औषधांच्या आणखी तीन चाचण्यांत मात्र फायदा दिसला नाही. आकडे नीट वाचा: शंभरातले ८६ जण औषधाविनाही चार वर्षांनी हयात होते आणि औषध घेऊनही नऊ गेले. फायदा होतो तो मधल्या काहींना. तोटा मात्र कुणालाही होऊ शकतो. थायरॉइड, आतडं, यकृत, अधिवृक्क ग्रंथी यांच्यावर प्रतिकारशक्ती उलटते आणि काही त्रास कायमचे राहतात. त्या पाच-सहा जणांना आधीच ओळखणारी तपासणी मिळाली तर मी पहिल्या दिवशी वापरायला घेईन.

पण मग तिने वेगळं काम करायला हवं. आजार परत येण्याचा धोका किती, हे सांगणं एक. अमुक औषधाने तो धोका कमी होईल का, हे सांगणं दुसरं. तुम्ही वाचलेले ताणाचे संच, ते खरे धरले तरी, पहिलंच सांगतात. धोका जास्त आहे हे वडिलांच्या बाबतीत टप्पा आणि ग्रेड बघून आधीच माहीत आहे, आणि चाचणीत रुग्ण घेतले ते याच दोन गोष्टींवरून. संचाने ‘कमी धोका’ म्हटलं म्हणून तुम्ही औषध टाळाल का? त्या आधारावर औषध टाळलेल्या रुग्णांचं काय झालं याचा पुरावा नाही. ‘जास्त धोका’ म्हटलं तर? औषधाची चर्चा तशीही करायचीच आहे. दोन्हीकडून निर्णय होता तिथेच राहतो. डॉक्टरांचं ‘गरज नाही’ हे बहुधा या अर्थाचं होतं, फक्त त्यांनी ते एका वाक्यात संपवलं.

या सगळ्यात एका प्रथिनाकडे मात्र मी खरोखर डोळे लावून आहे, आणि तेही ताणाचंच आहे. किम-१ त्याचं नाव. किडनीच्या निकटवर्ती नलिकेला इजा झाली की तिथल्या पेशी हे प्रथिन पृष्ठभागावर आणतात. निरोगी किडनीत ते जवळपास नसतं. त्याचा बाहेरचा भाग तुटून लघवीत आणि रक्तात येतो, त्यामुळे ते मोजायला गाठीचा तुकडा लागत नाही. ठोकळा कुठला, धमनी कधी बांधली, फॉर्मलिन आत गेलं का, हे वरचे सगळे प्रश्न एका फटक्यात बाजूला होतात. क्लिअर सेल आणि पॅपिलरी या गाठी त्याच नलिकेच्या वंशातल्या असल्याने त्या किम-१ सोडत राहतात. क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा हे किडनीच्या गाठींचे दुसरे प्रकार सहसा सोडत नाहीत. २०१८ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं की किडनीचा कॅन्सर झालेल्यांत निदानाच्या आधी पाच वर्षांपर्यंत किम-१ वाढलेलं होतं.

ऑपरेशननंतरच्या चाचण्यांतलं चित्र तर आणखी रंजक आहे. किडनी काढल्यावरही ज्यांच्या रक्तात किम-१ जास्त राहिलं त्यांच्यात आजार जास्त वेळा परतला. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी मागे उरलं असावं. आणि अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्याच औषधाच्या ज्या चाचणीत एकूण फायदा दिसला नव्हता, तिच्यातच नंतर केलेल्या विश्लेषणात किम-१ जास्त असलेल्या रुग्णांना औषधाचा फायदा झाल्याचं दिसलं. वर म्हटलेलं दुसरं काम करण्याची चुणूक इथे आहे. पण चाचणी संपल्यावर केलेल्या विश्लेषणावर मी लगेच विश्वास टाकत नाही. आधी रेघ आखून, किम-१ नुसार रुग्ण वाटून पुन्हा बघायला हवं. तोवर वडिलांचं किम-१ मोजून घ्यावं का? एखाद्या चाचणीत सहभागी होत असाल तर जरूर. एरवी नको, कारण मधुमेहाने किंवा एखाद्या औषधाने उरलेल्या किडनीला थोडी इजा झाली तरी ते वाढतं, आणि मग तुम्ही दर तीन महिन्यांनी त्या आकड्याकडे बघत झोप घालवाल.

उत्तर कशाने बदलेल? वडिलांचं वय ४५च्या आत असतं, गाठी दोन्ही किडन्यांत किंवा अनेक असत्या, घरात आणखी कुणाला किडनीचा कॅन्सर असता, किंवा प्रकार वेगळाच निघाला असता, तर मी आनुवंशिक तपासणीचा आग्रह धरला असता. आजार पसरलेला असता तर रक्तवाहिन्या रोखणारं औषध घ्यायचं की दोन इम्युनोथेरपी एकत्र, हे जनुकसंचांवरून ठरवू बघणाऱ्या चाचण्या आहेत. तिथे अशा मोजणीला जागा आहे. आणि रिपोर्टमध्ये सार्कोमॅटॉइड (पेशी लांबट होऊन फार आक्रमक झालेला) भाग आहे का, मृत भाग आहे का आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, हे लिहिलेलं नसेल तर आधी ते विचारून घ्या. त्या तीन ओळी कुठल्याही संचापेक्षा जास्त कामाच्या आहेत. शंका वाटली तर स्लाइड आणि ठोकळे घेऊन किडनीच्या गाठी नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या.

राहिला तुमचा आणि भावाचा प्रश्न. समजा किम-१ सारखी एखादी तपासणी दहापैकी नऊ कॅन्सर पकडते आणि निरोगी शंभरांपैकी फक्त पाचांना उगाच घाबरवते. ऐकायला उत्तम. दहा हजार माणसांत २० जणांना हा कॅन्सर आहे असं धरू. तपासणी १८ जणांना पकडेल आणि निरोगी ९,९८० पैकी ४९९ जणांनाही ‘आहे’ म्हणेल. म्हणजे ‘आहे’ असं सांगितलेल्या ५१७ जणांत खरे रुग्ण १८. बाकीच्यांचं स्कॅन, त्यात सापडलेल्या निरुपद्रवी गाठी, त्यांच्या बायोप्सी. चार सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्या आणि काढल्या गेलेल्या गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सर नसतेच. वडिलांना साठीनंतर एकच गाठ झाली आणि घरात दुसरं कुणी नाही, तर तुम्हा दोघांना जनुकांची किंवा रक्ताची अशी कुठलीही तपासणी मी सांगणार नाही. धूम्रपान, वाढलेलं वजन आणि रक्तदाब हे या कॅन्सरचे सिद्ध झालेले धोके आहेत, तेवढे सांभाळा. आणि लघवीतून रक्त गेलं तर, एकदाच गेलं आणि आपोआप थांबलं तरीही, डॉक्टरांकडे जा.